वीस तासांचा विद्यार्थी

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्पटन शहरातला एक व्हिडिओ आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर येऊन धडकला. एक नवं भारतीय हॉटेल उघडणार होतं, वेटर आणि इतर कामांसाठी माणसं हवी होती आणि दाराबाहेर लांबच लांब रांग होती. रांगेत बहुतेक आपलीच पोरं, त्यांतली बरीचशी तिथे शिकायला गेलेली. त्यावरून मराठीत जी हमरीतुमरी झाली तिचा सगळा ऐवज दोन वाक्यांत मावतो. एक पक्ष म्हणत होता, 'बापाचं घर गहाण टाकून वेटर व्हायला गेलात होय?' दुसरा म्हणत होता, 'तिकडे कामाला मान असतो, तुम्हाला नाही कळायचं.' कॅनडातले लोकही भांडतच होते, फक्त त्यांची वाक्यं वेगळी. 'हे विद्यार्थी नव्हेतच, शिक्षणाच्या नावाखाली मागल्या दाराने आलेले मजूर आहेत' हे एक, आणि 'हे आले नाहीत तर आमच्या कॉलेजांना कुलपं लागतील' हे दुसरं. चारही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे. पण चौघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे : शिकणं आणि कमावणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत, आणि रांगेतला पोरगा त्यांपैकी नेमका कोण हे एकदा ठरलं की वाद मिटला.

माझं म्हणणं असं की, कर्ज काढून परदेशी शिकणारा सर्वसाधारण घरातला विद्यार्थी काम करणारच. हे त्याला ठाऊक असतं, त्याच्या आईवडिलांना ठाऊक असतं, फी घेणाऱ्या विद्यापीठाला आणि व्हिसा देणाऱ्या सरकारलाही ठाऊक असतं. त्या कामात काहीही वावगं नाही. वावगं आहे ते काम अर्धं कायदेशीर आणि अर्धं चोरटं ठेवण्यात. ते तसं राहण्यात बऱ्याच जणांचा फायदा आहे, एक तो विद्यार्थी सोडून.

आधी हिशेब मांडू, कारण या वादात भावना उदंड आणि आकडे कमी. ब्रिटन घ्या. विद्यापीठात पदवी किंवा मास्टर्स करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरच्या माणसाचं तिथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. म्हणजे आठवड्याचे २४४ पौंड, महिन्याचे साधारण १०५८. त्याच वर्षी त्याच सरकारने व्हिसा देताना लंडनबाहेर राहण्याचा महिन्याचा खर्च धरला होता ११३६ पौंड. खर्च सरकारने ठरवलेला, वेतन सरकारने ठरवलेलं, तासही सरकारनेच ठरवलेले, आणि तरी महिन्याला ७८ पौंड कमी पडत होते. यात फीचा एक पौंडही नाही आणि भारतातल्या कर्जाचं व्याजही नाही. सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येतं हे खरं, पण एका वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळ सत्रातच मोजतात, त्यामुळे ती सुट्टी कागदावर मोठी आणि प्रत्यक्षात दोन-चार आठवड्यांची. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या शिक्षण-मेळाव्यात मात्र स्टॉलवरचा माणूस बिनदिक्कत सांगतो, 'राहण्याखाण्याचं पार्ट-टाइममध्ये निघतं, सर.' निघेलही, जर पहिल्याच आठवड्यात काम मिळालं, एकही शिफ्ट बुडाली नाही, आजारपण आलं नाही आणि घरमालकाने भाडं वाढवलं नाही.

यावर सरकारी उत्तर तयार असतं : आम्ही विद्यार्थ्याला कमाईवर अवलंबून राहायला सांगतच नाही, राहण्याचे पैसे आधी खात्यात दाखवायला सांगतो. नियम तसा आहेच. अठ्ठावीस दिवस खात्यात पैसे दाखवावे लागतात. ते मामाकडून, काकाकडून, कधी व्याजाने आणलेले असतात आणि एकोणतिसाव्या दिवशी परतीच्या वाटेला लागलेले असतात. ज्या अटीची पूर्तता निम्म्या गावाला उसनवारीने करता येते, ती अट घालणाऱ्याला ती कशी पूर्ण होते हे माहीत नसावं, हे पटण्यासारखं आहे का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तासांची मर्यादा विद्यार्थ्याच्या भल्यासाठीच असते. गोदामात रात्रपाळी करून सकाळी नऊच्या लेक्चरला बसलेला मुलगा काय शिकणार? दोन विषय राहिले की फी वाया, व्हिसा धोक्यात आणि घरी तोंड दाखवायची चोरी. हे मी नाकारत नाही. आठवड्याला चाळीस-पन्नास तास उभं राहून काम करणाऱ्याचं शिक्षण होत नाही, त्याला फक्त पदवी मिळते, तीही मिळाली तर. मर्यादा असावी असंच माझंही मत आहे. पण ती खरोखर शिक्षणासाठी घातलेली असेल तर ती शिक्षणाच्या कारणाने बदलायला हवी. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा उठवली आणि जून २०२३ पर्यंत विद्यार्थ्याला हवे तितके तास काम करू दिलं. कॅनडाने नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ तेच केलं. त्या काळात अभ्यासक्रम सोपे झाले होते का? की माणसाला झोप कमी लागू लागली होती? कोविडनंतर हॉटेलं, वृद्धाश्रम, गोदामं यांना माणसं मिळत नव्हती, आणि ते कारण सरकारांनी लपवलंही नाही. माणसं मिळू लागली तशी विद्यार्थ्याच्या अभ्यासाची काळजी परत आली : ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात आठवड्याला २४. ज्या मर्यादेला हॉटेलमालकाच्या गरजेप्रमाणे भरती-ओहोटी येते, तिला विद्यार्थिहिताचं नाव देणं हा शुद्ध दांभिकपणा आहे.

मर्यादेपेक्षा वाईट आहे ती मोडल्यावर मिळणारी शिक्षा, कारण ती शिक्षा प्रत्यक्षात मालकाच्या हातात पडते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात उघडं पडलं. सेव्हन-इलेव्हन या चोवीस तास चालणाऱ्या दुकानांच्या साखळीत परदेशी विद्यार्थी गल्ल्यावर काम करत. त्यांतले भारतीय उपखंडातले पुष्कळ. वृत्तपत्रांनी आणि तिथल्या एबीसी वाहिनीने जे बाहेर काढलं त्याची रीत अगदी साधी होती. मुलगा चाळीस तास काम करी, हजेरीत वीस तास लागत आणि वीस तासांचेच पैसे मिळत. कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला दर बरोबर दिसे, तासही नियमात दिसत, आणि मुलाच्या हातात प्रत्यक्षात निम्मा दर पडे. तक्रार करायची तर पहिलं वाक्य काय बोलणार? 'मी चाळीस तास काम केलं.' म्हणजे व्हिसाची अट मोडल्याचा कबुलीजबाब. मालकाला धमकी देण्याचीसुद्धा गरज नव्हती, कायद्यानेच ती आयती लिहून ठेवली होती. पुढे बोभाटा झाल्यावर काही दुकानदारांनी नवी शक्कल काढली : पगार पूर्ण द्यायचा आणि त्यातला काही भाग रोखीने परत घ्यायचा. शेवटी त्या कंपनीला कामगारांची थकलेली देणी म्हणून १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली. इतके पैसे वीस-वीस डॉलरने पोरांच्या खिशातून गेले होते, आणि ती पोरं वर्षानुवर्षं गप्प होती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. सांगलीकडचा एक मुलगा, इंग्लंडमध्ये मास्टर्स करताना एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. त्याने मला त्याच्या पगाराची पावती दाखवली. वीस तास, किमान वेतन, कर कापलेला, सगळं कसं नेटकं. मग फोनमधली त्याची स्वतःची नोंद दाखवली : त्याच आठवड्यातले आणखी सोळा तास, पुढे 'कॅश' आणि तासाला सहा पौंड. दर शनिवारी रात्री पाकीट मिळे. एकदा पाकीट मिळालंच नाही, आणि पुढच्या शनिवारीही नाही. तो काहीच बोलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, 'काय बोलणार दादा, ते सोळा तास झालेच नव्हते ना.' इंजिनिअर झालेला, हिशेबाला पक्का मुलगा. त्याच्या असहायतेला भाबडेपणा म्हणता येणार नाही.

मग उपाय काय? तास अमर्याद करा असं मी म्हणत नाही. मजुरीची चोरी आणि व्हिसाचा भंग यांची गाठ सोडवा, एवढंच. ऑस्ट्रेलियाने उशिरा का होईना, जुलै २०२४ पासून तशी सोय केली. पिळवणुकीची तक्रार घेऊन पुढे येणाऱ्याचा व्हिसा कामाच्या अटी मोडल्याच्या कारणाने रद्द होऊ नये म्हणून त्याला संरक्षण मिळू लागलं, आणि परदेशी कामगाराला व्हिसाची भीती दाखवून नियम मोडायला लावणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल करण्याची तरतूद झाली. म्हणजे हे अशक्य नाही. सेव्हन-इलेव्हनच्या बोभाट्यानंतर त्याला नऊ वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

विद्यार्थी आणि मजूर यांच्यामध्ये एवढी उंच भिंत मुळात बांधली कुणी? शिक्षणतज्ज्ञांनी नक्कीच नाही. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी लोकांविरुद्धचा बंदी कायदा केला, तेव्हा बंदी होती ती चिनी मजुरांवर. व्यापारी, शिक्षक आणि विद्यार्थी यांना सूट होती, कारण चीनशी झालेल्या कराराने ती द्यावी लागत होती. पण मग विद्यार्थी म्हणजे कोण, हे ठरवणं आलं. १९०० साली अमेरिकेच्या अर्थखात्याने ते ठरवलं : जो उच्च शिक्षण घेणार आहे किंवा मायदेशात मिळत नाही असं शिक्षण घेणार आहे, ज्याच्या खर्चाची तजवीज आधीच झालेली आहे, आणि जो शिक्षण संपल्यावर परत जाणार आहे. अर्थ उघड होता : ज्याला हाताने काम करायची गरज पडेल तो विद्यार्थी नव्हे. आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या मुलीला काय विचारतात? पूर्ण वेळ कोर्स आहे का, पैसे कुठून येणार, परत येणार याची खात्री काय. सव्वाशे वर्षं उलटली, चिनी बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्दही झाला, प्रश्न तेच राहिले. कायदे करणाऱ्यांना हा वारसा ठाऊक असेलच असं नाही. पण 'खरा विद्यार्थी काम करत नाही' ही कल्पना एका वंशाच्या मजुरांना बाहेर ठेवण्याच्या धडपडीतून घट्ट झाली, हे लक्षात ठेवलं की आजच्या चर्चेतला तो नैतिक सूर जरा पोकळ वाटू लागतो.

आणि पूर्वीचे लोक तरी निव्वळ ज्ञानसाधनेला जात होते का? जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांत राबले, फळं वाळवण्याच्या कामावर राहिले, भांडी घासली. बर्कलीची फी वाढली तशी ती परवडेना म्हणून आयोवा गाठलं. पुढे ओहायोतून एम.ए. झाले. त्यांना 'खोटा विद्यार्थी' म्हणायची कुणाची छाती आहे? डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, तीही परत येऊन बडोदा संस्थानाची चाकरी करण्याच्या करारावर. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इतक्या असामान्य विद्यार्थ्यालाही शिकणं आणि कमावणं वेगळं ठेवता आलं नाही. ज्यांच्या मागे संस्थान नाही, शिष्यवृत्ती नाही, फक्त बँकेचं कर्ज आहे, त्यांच्याकडून आपण ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करतो?

दुसरा वजनदार मुद्दा कॅनडातल्या सामान्य माणसाचा आहे, आणि त्याला वंशद्वेष म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०२३ च्या अखेरीस त्या चार कोटींच्या देशात दहा लाखांहून जास्त लोकांकडे विद्यार्थी परवाने होते, त्यांतले साधारण चाळीस टक्के भारतीय. एवढी माणसं ठरावीक शहरांत आली की भाडी चढणार, तळघरांत गाद्या टाकून माणसं राहणार, आणि तिथल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यातलं दुकानातलं काम मिळेनासं होणार. या तक्रारीत खोटं काही नाही. ती चुकीच्या पत्त्यावर जाते, एवढंच. ओंटारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि तिथेच गोठवली. मतदार खूश झाले. कॉलेजांच्या तिजोरीत पडलेलं भगदाड कुणी बुजवलं? कित्येक पट फी भरणाऱ्या परदेशी पोरांनी. कॉलेजांना परवानगी प्रांताने द्यायची, व्हिसा केंद्राने द्यायचा, आणि आकडा फुगला की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने नव्या परवान्यांवर मर्यादा घातली, त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. लगोलग ओंटारिओतल्या कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद करायला आणि माणसं कमी करायला सुरुवात केली. म्हणजे ज्या पोरांमुळे देश बुडतोय असं सांगत होते, त्यांच्याच पैशावर स्थानिक मुलांची स्वस्त फी चालली होती. संख्येवर मर्यादा घालायचा कॅनडाला पूर्ण हक्क आहे, आणि ती पाच वर्षं आधी घालायला हवी होती. पण आमंत्रणं वाटणाऱ्याने गर्दीबद्दल पाहुण्याला शिव्या देऊ नयेत.

इंग्लंडात तीच कथा जरा सभ्य भाषेत चालते. स्थानिक विद्यार्थ्याची कमाल फी २०१७ ते २०२५ अशी आठ वर्षं ९२५० पौंडांवर अडकून होती आणि महागाई धावत होती. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा थेरेसा मे गृहमंत्री असताना २०१२ मध्ये बंद झाला, २०२१ मध्ये परत आला, आणि २०२५ मध्ये तो दीड वर्षावर आणायचं जाहीर झालं. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने या व्हिसाचा मोठ्या प्रमाणावर गैरवापर होत असल्याचा पुरावा नाही आणि तो चालू ठेवावा असं सांगितलं होतं. गैरवापर नाही, विद्यापीठांचं नुकसान भरून निघतंय, तरी कात्री लागली. जर्मनीचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येईल अशा खात्यात, ठेवावे लागतात, आणि वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. तिथे स्वतः जर्मन मुलंही शिकता शिकता कंपन्यांत काम करतात, त्यामुळे काम करणारा विद्यार्थी हा संशयित वाटत नाही.

खोटे विद्यार्थी नसतातच असं मात्र कुणी म्हणू नये. असतात. हजेरी विकणारी कॉलेजं असतात, बनावट प्रवेशपत्रं असतात. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, कारण काही वर्षांपूर्वी एजंटाने त्यांना दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली. त्यांतल्या काहींना ते माहीत असेल, पुष्कळांना नव्हतं. पण खोटेपणाची परिसीमा बघायची तर अमेरिकेतल्या फार्मिंग्टन विद्यापीठाकडे बघा. मिशिगनमधल्या या विद्यापीठाला संकेतस्थळ होतं, बोधचिन्ह होतं, सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत नाव होतं. वर्ग नव्हते आणि शिक्षक नव्हते, कारण ते अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने स्वतःच उभारलेलं होतं, कामासाठी व्हिसा टिकवू पाहणाऱ्यांना पकडायला. सुमारे सहाशे जणांनी तिथे नाव घातलं, बहुतेक भारतीय, त्यांत तेलुगू मुलं फार. फी घेतली गेली आणि जानेवारी २०१९ पासून अटका सुरू झाल्या. वर्ग भरत नाहीत हे कळूनही नाव चालू ठेवणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही, त्यांना काय चाललंय ते कळत होतं. पण मान्यतेची सरकारी यादी बघून पैसे भरणाऱ्याने आणखी कुठे खात्री करून घ्यायची होती? सरकारच जिथे खोटं विद्यापीठ काढतं, तिथे खरेपणाची सगळी जबाबदारी बावीस वर्षांच्या पोरावर कशी?

आता आपल्याकडे येऊ. आपली लाज हा या व्यवहारातला एक मोठा भागीदार आहे. घरी जेवल्यावर स्वतःचं ताटही न उचलणारा मुलगा तिकडे दोनशे ताटं घासतो, याचा आपल्याला अपमान वाटतो, तो मुख्यतः भांडी घासणं हे कुणाचं काम याबद्दल आपल्या डोक्यात जातीपातीसकट पक्की उतरंड बसलेली आहे म्हणून. आजोबांनी पुण्यात माधुकरी मागून, वार लावून शिक्षण केलं ही गोष्ट त्याच घरात अभिमानाने सांगतात. दुसऱ्याच्या दारी मागून खाण्यात मोठेपणा आणि राबून खाण्यात कमीपणा, हे गणित मला कधीच सुटलेलं नाही. या लाजेमुळे होतं काय, की मुलगा घरी खरं सांगत नाही. फोनवर 'स्टोअरमध्ये आहे' म्हणतो. पाकीट बुडालं, पाय सुजले, पोलीस आले, कुणालाच कळत नाही. मालकाला पोराच्या गप्प बसण्याची हमी निम्मी कायदा देतो आणि निम्मी आपण देतो.

वास्तविक कामावर शिकण्याची जगातली एक उत्तम परंपरा आपल्याच साताऱ्यात आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही तिथे भिंतीवर लिहून विसरायची ओळ नव्हती. मुलं शेतात राबली, दगड-माती वाहून त्यांनी आपल्याच शाळेच्या इमारती उभ्या केल्या, आणि त्या मुलांतून पुढे प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. 'कमवा आणि शिका' आजही आपल्या विद्यापीठांत चालतं. मात्र ही परंपरा सांगून 'बघा, कष्टानेच माणूस मोठा होतो' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. रयतमध्ये काम देणारी, जेवू घालणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. मुलगा आजारी पडला तर ते संस्थेला कळत होतं. जास्त राबवलं तर त्याचा जाब भाऊरावांना द्यावा लागला असता. आजचं परदेशी विद्यापीठ फी घेतं आणि बाकी काम, खोली, जेवण बाजारावर सोडून मोकळं होतं. त्याच्या अंदाजपत्रकाला मात्र याच पोराच्या पैशाचा आधार असतो. ज्याच्या कमाईवर तुम्ही चालता, त्याच्या कमाईची थोडी तरी जबाबदारी तुमची नाही का? निदान कॅम्पसवर कामं वाढवा, बाहेरचा मालक पैसे बुडवत असेल तर विद्यापीठाचा वकील त्याच्या मागे उभा करा.

इथे कुणी विचारेल, आणि रास्त विचारेल, की परदेशी जाणारा हा काही समाजातला सगळ्यात गरीब माणूस नव्हे, मग त्याच्यासाठी एवढी कळकळ का? गडचिरोलीतल्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजात पोचायला एसटी मिळत नाही, तिचं काय? तिचा हक्क आधी, यात वादच नाही, आणि सरकारी पैसा आधी तिच्याकडेच जावा. पण मी इथे पैसा मागतच नाही, मी नियम मागतोय. शिवाय जाणारे सगळे कोथरूडचे नसतात. साधारण साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँक तारण मागते, ते तारण म्हणजे इचलकरंजीतलं, जळगावातलं राहतं घर असतं. तारण नसेल तर खासगी वित्तसंस्था चढ्या व्याजाने देते. शिकून नोकरी लागेल आणि मग हप्ते फिटतील या गृहीतावर ते घर टांगलेलं असतं.

आणि नियमांच्या बाबतीत आपल्या सरकारची तऱ्हा अजब आहे. दहावी न झालेला गवंडी आखाती देशात कामाला निघाला तर १९८३ च्या स्थलांतर कायद्याने त्याला परवानगी घ्यावी लागते. त्याला पाठवणारा एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याने घ्यायच्या मोबदल्याला तीस हजार रुपयांची मर्यादा आहे. या कायद्याची अंमलबजावणी किती ढिली आहे ते कुणाला सांगायला नको, तरी कायदा आहे आणि दाद मागायला एक दार आहे. तीस लाखांचं कर्ज काढून निघालेल्या विद्यार्थ्याला पाठवणाऱ्या सल्लागाराला मात्र या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो मुलगा कामाला निघालेलाच नाही. सल्लागाराला विद्यापीठाकडून फीतला वाटा मिळतो, तो किती हे विद्यार्थ्याला सांगायचं त्याच्यावर बंधन नाही. हे बदलायला कॅनडाच्या किंवा ब्रिटनच्या संसदेची वाट बघावी लागत नाही. विद्यार्थी पाठवणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करा, त्यांचं कमिशन लेखी जाहीर करायला लावा. प्रवेशपत्राबरोबर मुलाच्या हातात त्याच्याच भाषेत एक कागद द्या, ज्यावर कामाचे कायदेशीर तास, त्या शहरातलं किमान वेतन आणि पैसे बुडवले तर तक्रार कुठे करायची हे छापलेलं असेल. आणि कर्ज मंजूर करताना बँकेने परतफेडीच्या तक्त्यात पार्ट-टाइम कमाईचा एक रकाना घालून, वीस तासांच्या हिशेबाने तो भरून, खाली आईवडिलांची सही घ्यावी.